रुग्णालयाच्या बिलाबाहेरचा खर्च : सोलापूर जिल्हा नियोजन समितीस खुले पत्र

प्रति,
माननीय पालकमंत्री तथा अध्यक्ष, माननीय जिल्हाधिकारी तथा सदस्य-सचिव आणि सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, सोलापूर.

विषय : कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या तरुणांना व त्यांच्या कुटुंबांना प्रवास, निवारा आणि उदरनिर्वाहासाठी जिल्हास्तरावर साहाय्य मिळण्याबाबत.

महोदय,

२०१२ च्या जुलैमध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातील ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपले सोलापूर होते. पुढे तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले, केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घातली गेली, आणि २०२४ पासून शिधापत्रिकेचा रंग न पाहता प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले. या योजनेमुळे शहराच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांतली माणसे वेळेवर शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचली, हे मी जवळून पाहिले आहे. तेव्हा या पत्रातील एकही ओळ तिच्या विरोधात वाचली जाऊ नये, अशी विनंती आरंभीच करतो. माझे म्हणणे वेगळे आहे. योजना रुग्णालयाचे बिल भरते. पण ज्या खर्चाने घर बसते, तो त्या बिलावर कुठे नसतोच. तो बिलाबाहेरचा असल्यामुळे कोणी मोजत नाही, आणि मोजलेला नसल्यामुळे तो आहे असे कोणत्याही कार्यालयाला वाटत नाही. रुग्ण सतरा-अठरा ते तीस वर्षांचा असेल तर हा भार सर्वांत जास्त पडतो, आणि मदतीचे दरवाजेही नेमके याच वयाला बंद असतात.

मी एका सहकारी बँकेतून निवृत्त झालेला कर्मचारी आहे. नोकरीचा बराचसा काळ पूर्व भागातल्या शाखेत गेला, त्यामुळे यंत्रमाग कामगारांची आणि विडी कामगार महिलांची खाती, त्यांचे सोनेतारण, त्यांच्या थकबाक्या हे सगळे परिचयाचे होते. निवृत्तीनंतर अशा कुटुंबांना अर्ज भरून देणे, उत्पन्नाचा दाखला काढून देणे, मुख्यमंत्री सहायता निधीची कागदपत्रे जुळवून देणे, असे काम हाती घेतले. बँकेची सवय जात नाही म्हणून म्हणा, अर्जाला हात लावण्यापूर्वी मी प्रत्येक कुटुंबाला आधी हिशेब विचारतो.

अशाच एका घरातली दोनशे पानी वही माझ्यासमोर आली. मुलगा एकोणीस वर्षांचा, तंत्रनिकेतनच्या दुसऱ्या वर्षाला. त्याला रक्ताचा कर्करोग. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर, आई घरी विड्या वळणारी. वही आईने तेलुगूत लिहिलेली होती, म्हणून मुलगाच मला ती मराठीतून वाचून दाखवत होता. औषधांच्या नावाने त्यात फारशा नोंदी नव्हत्या, कारण औषधे योजनेतून मिळत होती. बाकीची पाने मात्र गच्च भरलेली : सोनोग्राफी, खासगी लॅब, पुन्हा लॅब, सिव्हिलपर्यंत रिक्षा, झेरॉक्स, फोटो, दादरहून टॅक्सी, खोलीचे डिपॉझिट, गॅसचा छोटा सिलिंडर, पाण्याचे कॅन, नारळपाणी, मास्क, प्लेटलेट द्यायला आलेल्या दोघांचा नाश्ता. एका वडापावच्या नोंदीवर मुलगा थांबला आणि, “हे मी खाल्लं नव्हतं, मला बाहेरचं बंद होतं,” असे आईला म्हणाला. “तुझ्या बाबांनी खाल्ला, मग लिहायचा नाही का?” असे आईचे उत्तर होते. इतका चोख हिशेब ठेवणाऱ्या त्या बाईंनी एक गोष्ट मात्र वहीत लिहिलीच नव्हती, आणि ती म्हणजे बुडालेली मजुरी. वडिलांचे खाडे, आईच्या न वळलेल्या विड्या, मुलगा सुट्टीत करत असलेले मोबाइल दुरुस्तीचे काम, हे सगळे विचारून विचारून मी समोरच्या पानावर मांडले, तेव्हा न आलेल्या पैशांचा तो रकाना गेलेल्या पैशांच्या रकान्याहून मोठा निघाला.

या घरापुरती ही गोष्ट असती तर मी आपणास लिहिले नसते. मागावरच्या कामगाराला रजा हा प्रकार ठाऊक नसतो. माग चालला तर मजुरी. आठवडाभर तो मुंबईत बसला, तर कारखानदार दुसरा माणूस उभा करतो, आणि त्यात कारखानदाराचा दोष आहे असे मी म्हणणार नाही, कारण त्याचीही ऑर्डर अडलेली असते. आजार निघण्याआधी कामगाराने उचल घेतलेली असतेच. आता ती फेडण्याऐवजी आणखी उचल घेतली जाते, आणि मग दुसऱ्या कारखान्यात चार पैसे जास्त मिळत असले तरी जुनी उचल फिटल्याशिवाय त्याला तिथे जाता येत नाही. विडी कामगार महिलेचे तसेच. हजार विड्यांमागे मजुरी; पाने आणि तंबाखू घरी आणून वळायचे, ब्रँचला माल द्यायचा, त्यातून छाट, म्हणजे नापास विड्या, निघायची. ती मुलाच्या उशाशी मुंबईत असेल तर त्या काळात तिच्या कार्डावर कामच दिसत नाही.

यावर सहज विचारले जाते, की मग मुंबईत राहायचे कशाला? उपचार घेऊन परत यावे. याचे उत्तर वैद्यकीय आहे आणि ते समितीच्या सदस्यांनी समजून घ्यावे, अशी माझी नम्र अपेक्षा आहे. केमोथेरपीनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. रुग्णांच्या भाषेत काउंट पडतो. त्या काळात ताप आला तर तो साधा ताप नसतो. तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे लागते, नाहीतर जंतुसंसर्ग रक्तात पसरून जीव जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर सांगतात, की रुग्णालयापासून जवळ राहा. काउंट वर येतो तोवर पुढची सायकल, म्हणजे केमोची पुढची फेरी, उभी असते. ज्याला लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग आहे, त्याच्या उपचारांचे पहिले सहा-आठ महिने असेच जातात, आणि त्यानंतर रोजच्या गोळ्या, आठवड्याची गोळी आणि मधूनमधून इंजेक्शने धरून सगळा काळ दोन ते तीन वर्षांचा होतो. हाडाच्या गाठीचा रुग्ण असेल तर शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर मिळून बहुतेक एक वर्ष. एवढा काळ परळच्या टाटा रुग्णालयाजवळ किंवा त्याच्या खारघरच्या केंद्राजवळ राहायचे म्हणजे भाड्याची खोली घ्यायची. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी जागा मिळाली तर नशीब; नाही मिळाली तर परळच्या पदपथावर संसार मांडलेली माणसे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील.

रेल्वेची सवलत आहे, आणि ती चांगली आहे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला शयनयान आणि थ्री एसीमध्ये तिकीट मोफत, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट. अडचण अशी, की सवलतीचा नमुना घेऊन खिडकीवर जावे लागते, आणि सिद्धेश्वर एक्स्प्रेसची प्रतीक्षा यादी आपणास माहीत आहेच. शिवाय तपासणीची तारीख तिकडून दोन दिवस आधी फोनवर कळते. अशा वेळी काउंट पडलेला मुलगा साध्या डब्यात दाराशी बसवून नेता येत नाही, म्हणून खासगी बस किंवा भाड्याची गाडी होते. सवलत कागदावर शिल्लक राहते आणि वहीत गाडीभाडे चढते.

आता वयाविषयी. कर्करोगाचे डॉक्टर १५ ते ३९ वर्षांच्या रुग्णांचा वेगळा गट मानतात, कारण त्यांना होणारे कर्करोग, त्यांचे शरीर आणि त्यांच्या आयुष्यातला टप्पा, तिन्ही गोष्टी लहान मुलांहून आणि प्रौढांहून निराळ्या असतात. मदतीच्या व्यवस्थेत मात्र असा गट नाही. लहान मुलाला कर्करोग झाला, तर त्याच्यासाठी मुंबईत सेंट ज्यूडसारख्या संस्थेची मोफत घरे आहेत, बालरोग विभागाशी जोडलेले निधी आहेत, खेळणी घेऊन येणारे स्वयंसेवक आहेत. आणि हे सगळे असायलाच हवे. उलट टोकाला पन्नाशीच्या माणसाचा भविष्यनिर्वाह निधी असतो, थोडी शेती किंवा घर नावावर असते, विमा असतो, कमावती मुले असतात. एकोणीस वर्षांचा मुलगा बालविभागाच्या दारावरून वयामुळे परत येतो, आणि प्रौढ विभागात त्याच्या नावावर मोबाइलच्या सिमकार्डाखेरीज काहीही नसते.

नोकरीला लागलेल्यांचे तरी बरे असेल, असे वाटेल. राज्य कामगार विमा योजनेत दीर्घ आजाराची सोय खरोखर उत्तम आहे : कर्करोगासारख्या आजारात वेतनाच्या ८० टक्के रक्कम, एकूण दोन वर्षांपर्यंत. परंतु त्यासाठी सलग दोन वर्षे नोकरी झालेली असावी लागते आणि त्या काळात किमान १५६ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. बाविसाव्या वर्षी अक्कलकोट रस्ता एमआयडीसीत कामाला लागलेल्या आणि तेविसाव्या वर्षी आजारी पडलेल्या मुलीने ही अट कशी पुरी करायची? शिवाय दहापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला ही योजना सर्वसाधारणपणे लागूच होत नाही, आणि आपल्याकडे चार-आठ मागांचे कारखाने किती आहेत, ते मी सांगायला नको.

या योजनेच्या वेतनमर्यादेचा आकडा महिन्याला २१,००० रुपये आहे. हाच आकडा मला आणखी एका ठिकाणी भेटतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कर्करोगासारख्या दुर्धर आजाराच्या रुग्णाला महिना १,५०० रुपये मिळू शकतात, आणि त्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादाही २१,००० रुपयेच आहे. फरक इतकाच, की ही मर्यादा वर्षाची आहे. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. एवढ्या उत्पन्नात सोलापुरातले कोणते कुटुंब जगते, हे तहसील कार्यालयात बसलेल्यांनाही सांगता येणार नाही, म्हणून मग अर्जदाराला खोटे बोलायला शिकवले जाते. जे खोटे बोलत नाहीत, त्यांचा अर्ज नामंजूर होतो. उत्पन्नाचा दाखलाही मागच्या आर्थिक वर्षाच्या कमाईवर निघतो. गेल्या वर्षी बाप मागावर होता, आई विड्या वळत होती, थोरला मुलगा कमवत होता. त्या तिघांच्या कमाईचा दाखला आज तिघेही घरी बसलेले असताना जोडला जातो. धर्मादाय रुग्णालयांतल्या निर्धन आणि दुर्बल घटकांसाठीच्या राखीव खाटांनाही हाच दाखला लागतो.

मुलींच्या बाबतीत एक निराळीच अडचण मी वारंवार पाहतो. लग्न होऊन सहा महिने झालेले, माहेरच्या शिधापत्रिकेतून नाव कमी केलेले आणि सासरच्या पत्रिकेत अजून चढलेले नाही, अशा अवस्थेत आजार निघतो. सासरची मंडळी, “जरा माहेरी आराम करून ये,” म्हणून पाठवतात, आणि तो आराम मग वर्षभर चालतो. योजनेच्या दृष्टीने ती कोणत्याच कुटुंबात नसते. पत्रिकेत नाव चढवण्यासाठी नवऱ्याची सही लागते, आणि नवरा फोन उचलत नाही. दरम्यान पहिल्या केमोचे पैसे, आधीच्या दोन मुलींच्या लग्नाचे कर्ज अजून फिटले नसलेल्या बापाने भरलेले असतात. एका जिल्ह्यातल्या पुरवठा कार्यालयाने ठरवले तर वैद्यकीय कागद पाहून हे नाव एका दिवसात चढू शकते. यासाठी कोणाचाही निधी लागत नाही.

“इंटरनेटवर आवाहन करा, लोक पैसे देतात,” असा सल्ला आता सर्रास मिळतो. काहींना त्यातून खरोखर मोठी मदत मिळते. पण आवाहनाला फोटो लागतो, केस गेलेल्या चेहऱ्याचा, आणि तो फोटो पुढे जन्मभर फिरत राहतो. तरुण मुलीच्या, आणि मुलाच्याही, आईबापांना उपचारानंतरच्या लग्नाची चिंता असते. पाहुण्यांत आजाराचे नाव निघू नये म्हणून ते, “पोटाचं ऑपरेशन झालं,” असे सांगतात. ज्या घराला आजार लपवायचा आहे, ते घर चारचौघांत हात पसरू शकत नाही. ते गुपचूप सोने ठेवते. त्यांचे लपवणे योग्य की अयोग्य, हा वाद मी घालणार नाही. ते तसे आहे आणि मदतीची कोणतीही व्यवस्था हे गृहीत धरूनच आखावी लागेल.

सोने संपले की कर्ज. या विषयात मला बँकेतल्या अनुभवावरून थोडे अधिकाराने बोलता येईल. आमच्या भागात कर्जाचा क्रम साधारण ठरलेला असतो : आधी भिशी, मग कारखानदाराची उचल, मग सोनेतारण, मग बायकांच्या गटामार्फत मायक्रोफायनान्सचे कर्ज, आणि शेवटी व्याजाने पैसे देणारा गल्लीतला माणूस. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार मायक्रोफायनान्सच्या सर्व हप्त्यांची बेरीज कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. कर्ज देताना हा हिशेब बरोबर असतो. मधेच उत्पन्न निम्म्याहून खाली गेले तर हप्ता मात्र तोच राहतो, आणि गटातल्या बाकीच्या बायकांनी तिचा हप्ता भरायचा असा दबाव येतो. रुग्णाची आई आठवड्याच्या त्या ठरलेल्या दिवशी घराला कुलूप लावून शेजारच्या गल्लीत जाऊन बसते, हे मी पाहिले आहे. कर्जाची पुनर्रचना करण्याचा मार्ग बँकांना आणि वित्तसंस्थांना मोकळा असतो. मागणारा कोणी नसतो आणि सांगणाराही कोणी नसतो. सोनेतारणाच्या लिलावाची नोटीस तर बहुतेकदा सोलापूरच्या पत्त्यावर येते, आणि घरचे मुंबईत असतात.

या सगळ्याचा परिणाम उपचारांवर होतो, म्हणूनच हा प्रश्न केवळ दयेचा राहत नाही. उपचार मध्येच सोडून देणे हे विकसनशील देशांत बरे होऊ शकणारे रुग्ण गमावण्याचे मोठे कारण मानले जाते. सलग चार आठवडे किंवा अधिक काळ ठरलेला उपचार चुकला तर डॉक्टर त्याला उपचार सोडणे म्हणतात. ज्या देशांत उपचार पूर्ण होतात तिथे लहान मुलांचा लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया ८० टक्क्यांहून अधिक रुग्णांत बरा होतो, आणि तरुणांत आढळणारा हॉजकिन लिम्फोमा हा लसिका ग्रंथींचा कर्करोगही बरा होण्याचे प्रमाण असेच उत्तम आहे. सरकार एका मुलावर लाखो रुपयांची केमो खर्च करते आणि तो पाचव्या सायकलला खोलीच्या भाड्यावाचून परत येतो, तेव्हा त्या आधीच्या चार सायकलींवरचा सरकारी पैसाही वाया गेलेला असतो. एवढा साधा हिशेब समितीपुढे मांडावा लागावा, याचे वाईट वाटते.

बरे झालेल्यांचे पुढे काय होते, तेही दोन ओळींत सांगतो. पायाच्या हाडात कृत्रिम सांधा बसवलेला मुलगा बारा तास मागावर उभा राहू शकत नाही. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर पळणारा मुलगा ते स्वप्न सोडून देतो. महाविद्यालयात हजेरी भरत नाही, आणि शिष्यवृत्तीच्या काही योजनांत अभ्यासक्रमात दोन वर्षांचा खंड पडला की पुढचा हप्ता मिळत नाही, अशी अट आहे. ल्युकेमियाचा उपचार दोन वर्षांहून अधिक चालतो, हे मी वर लिहिलेच आहे. या पत्राची प्रत त्यासाठी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या कुलसचिवांनाही देत आहे.

आता मागणी. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी स्वतंत्र शीर्ष असते, हे मला माहीत आहे. त्यातून १५ ते ३० वर्षे वयाच्या, जिल्ह्यात राहणाऱ्या कर्करुग्णांसाठी उपचार चालू असेपर्यंत महिना ५,००० रुपये साहाय्य सुरू करावे. शंभर तरुण धरले तर वर्षाला ६० लाख रुपये होतात. दोनशे धरले तरी १ कोटी २० लाख. ज्या समितीचा वार्षिक आराखडा शेकडो कोटींचा असतो, तिला ही रक्कम जड जाऊ नये. व्यक्तीला रोख देणे त्या शीर्षाच्या नियमांत बसत नसेल, तर तीच रक्कम सेवेच्या रूपाने बसवता येईल : प्रवासासाठी वाहन, मुंबईत खोल्या, रुग्ण आणि सोबतच्या एका माणसाचे जेवण. अक्कलकोट आणि पंढरपूर ही दोन्ही तीर्थक्षेत्रे आपल्या जिल्ह्यात आहेत, लाखो भाविकांच्या जेवणाखाणाचा आणि निवासाचा अनुभव इथल्या देवस्थानांना आहे. परळ आणि खारघर भागात सोलापूरच्या रुग्णांसाठी काही खोल्या भाड्याने घेऊन चालवण्याची विनंती माननीय पालकमंत्र्यांनी त्यांना केली, तर ते नाही म्हणणार नाहीत असा माझा विश्वास आहे.

“पैशाचा गैरवापर होईल” हा आक्षेप येणारच. त्यावर उपाय सोपा आहे. रुग्णालयाच्या फाइलवर पुढच्या उपचाराची तारीख लिहिलेली असते. ती तारीख पाळल्याचा शिक्का दाखवल्यावर पुढच्या महिन्याची रक्कम द्यावी. यातून उपचार नियमित होतील हा आणखी एक फायदा. उत्पन्नाच्या दाखल्याची अट मात्र या योजनेत घालू नये. फार तर सध्याच्या उत्पन्नाबाबत स्वयंघोषणापत्र घ्यावे. दुसरा आक्षेप, की फक्त तरुणांनाच का, फक्त कर्करोगालाच का? डायलिसिसवरचा माणूस, थॅलेसीमियाचे मूल, म्हातारी आई, यांचे हाल कमी आहेत असे मी म्हणत नाही. पण सगळ्यांना एकदम देता येत नाही म्हणून कोणालाच न देणे हे आजवर पुरेसे झाले आहे. या वयोगटाचा उपचारकाळ ठरावीक असतो, बरे होण्याची शक्यता चांगली असते, पुढे कमावण्याची वर्षे सर्वांत जास्त असतात आणि इतर योजनांतून वगळला जाणारा गट हाच आहे, म्हणून सुरुवात इथून करावी.

दुसरी मागणी माणसाची आहे. योजनेच्या रुग्णालयांत आरोग्यमित्र असतात, शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, आणि त्यांच्यावर किती भार असतो हे मी पाहतो. श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात केवळ कर्करुग्णांच्या कुटुंबांसाठी एक माणूस नेमावा, ज्याच्याकडे पुरवठा कार्यालय, तहसील, रेल्वेची खिडकी आणि अग्रणी बँक या चारही ठिकाणच्या संपर्क व्यक्तींचे फोन नंबर असतील. विडी कामगारांसाठीच्या केंद्रीय कल्याण योजनेत कर्करोगाच्या खर्चाची भरपाई मागता येते, हे ज्या महिलांकडे ओळखपत्र आहे त्यांतल्या बहुतेकींना कोणी सांगितलेलेच नसते. ते सांगण्याचे कामही याच माणसाचे. माननीय जिल्हाधिकारी जिल्हास्तरीय बँकर्स समितीचे अध्यक्ष असतात, तेव्हा उपचारकाळात सोनेतारणाचे लिलाव थांबवावेत आणि हप्त्यांची पुनर्रचना रुग्णालयाच्या पत्रावर करावी, अशी सूचना त्या समितीच्या बैठकीत देणे त्यांच्या हातात आहे.

तिसरे म्हणजे मुंबईच्या फेऱ्या कमी करणे. प्रत्येक फेरी वाचली म्हणजे वडिलांचे दोन खाडे वाचतात. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे, म्हणजे दिवसा उपचार घेऊन त्याच दिवशी घरी जाता येईल अशी केंद्रे, उभारण्याची घोषणा झाली आहे, आणि त्यांपैकी २०० त्याच वर्षी सुरू करण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले होते. आपल्या जिल्ह्यासाठी असे केंद्र मागताना एक गोष्ट आग्रहाने मागावी : मुंबईत ठरलेला उपचार पुढे इथे चालवण्याची लेखी व्यवस्था. रक्ताची तपासणी, पाच मिनिटांचे इंजेक्शन, तापात पहिले प्रतिजैविक, एवढे इथे मिळाले तरी कुटुंब घरी राहू शकते आणि बाप मागावर उभा राहू शकतो. बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. १९८७ पासून तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे, आणि जगभरच्या संशोधकांनी ती वापरली आहे. ज्या जिल्ह्यात कोणत्या गावात कोणाला कोणता कर्करोग झाला याची इतकी जुनी आणि काटेकोर नोंद होते, त्या जिल्ह्यात उपचार कोणी सोडला आणि कशासाठी सोडला, याचीही नोंद व्हावी, आणि चार आठवडे उलटण्याच्या आत त्या घरी फोन जावा.

जिल्हा नियोजन समितीच्या पुढील बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घ्यावा, ही विनंती. साहाय्यासाठी लागणारा एका पानाचा अर्जाचा मसुदा, मराठी आणि तेलुगू दोन्ही भाषांत, मी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक विभागात या पत्रासोबत दिला आहे. त्यात उत्पन्नाचा रकाना ठेवलेला नाही. त्याऐवजी “या महिन्यात घरातील कोणाकोणाचे काम बुडाले” असा रकाना आहे. बैठकीपूर्वी कोणा सदस्यांना अशा कुटुंबांना भेटायचे असेल, तर त्यांची नावे जाहीर होणार नाहीत या अटीवर मी ती भेट घडवून आणीन. विडी घरकुल आणि नीलम नगर भागातील तीन-चार घरांनी तशी तयारी दाखवली आहे. सायंकाळी सातनंतर, माग सुटल्यावर, ते घरी असतात.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी
पूर्व भाग, सोलापूर